उरलेले औषध कोणाचे? घरगुती घातक कचरा आणि उत्पादकाचे उत्तरदायित्व

रुग्णास औषध दिले, पथ्यापथ्य सांगितले आणि पुढील भेटीची तारीख लिहून दिली, की आपले कर्तव्य पूर्ण झाले, असा आपल्या व्यवसायात सर्वसाधारण समज आहे. त्या औषधाचा किती भाग रुग्णाच्या पोटात गेला व किती भाग घरातील कपाटात राहिला, याची नोंद ना वैद्याकडे असते, ना औषधनिर्मात्याकडे. बरे वाटू लागले म्हणून अर्धवट सोडलेल्या गुटी, वैद्य बदलल्यामुळे मागे पडलेल्या भस्माच्या पुड्या, तळाशी दोन बोटे आसव राहिलेली बाटली, घरातील वृद्ध व्यक्तीच्या निधनानंतर तिच्या उशाशी सापडलेली औषधांची पिशवी, हे सारे दिवाळीच्या साफसफाईत एकदमच घंटागाडीत जाते. तेथून पुढे त्याचे काय होते आणि त्याची जबाबदारी कायद्याने कोणावर सोपविली आहे, हा प्रश्न वैद्य व फार्मसीचालक या दोघांशीही निगडित आहे. त्याची थोडी सविस्तर चर्चा करण्याचा येथे मानस आहे.

नियमांची वाटचाल

२०१६ मध्ये केंद्र शासनाने घनकचरा व्यवस्थापन नियम प्रसिद्ध केले. त्यांत ‘घरगुती घातक कचरा’ या संज्ञेची स्पष्ट व्याख्या होती. रंगाचे रिकामे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल दिवे व ट्यूबलाइट, पारा असलेले फुटके थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया व सिरिंज, दूषित गॉज आणि मुदतबाह्य औषधे हे सर्व त्यात समाविष्ट होते. नागरिकाने हा कचरा वेगळा ठेवावा आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने तो स्वीकारण्यासाठी केंद्रे उघडावीत, दर वीस चौरस किलोमीटर क्षेत्रास किमान एक केंद्र असावे, अशी तरतूद त्या नियमांत होती. आपल्या गावात असे केंद्र कोठे आहे, हे शेजारच्या चार जणांना विचारून पाहिल्यास तरतूद व व्यवहार यांतील अंतर सहज लक्षात येईल.

जानेवारी २०२६ मध्ये या नियमांची जागा घेणारे नवे घनकचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित झाले. त्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. नव्या नियमांनुसार कचऱ्याचे चार प्रवाह मानले आहेत : ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि ‘विशेष काळजीचा’. औषधे, दिवे, रंगाचे डबे व पाऱ्याचे थर्मामीटर हे या चौथ्या प्रवाहात येतात. हा कचरा अधिकृत संस्थेने गोळा करावा अथवा नागरिकाने ठरवून दिलेल्या केंद्रात नेऊन द्यावा, असे अपेक्षित आहे. मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्येच स्वच्छताविषयक व विशेष काळजीचा घरगुती कचरा स्वतंत्रपणे गोळा करण्याची सेवा सुरू केली होती. त्याआधी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनीही घरी रुग्णसेवा करताना निर्माण होणारा कचरा वेगळ्या पिशवीत द्यावा आणि नगरपालिकेने त्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार करावा, असे सांगितले होते.

थोडक्यात, मुदतबाह्य औषध हा साधा कचरा नव्हे, हे कायद्याने दहा वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. मात्र या तरतुदींत कर्तव्य सोपविले आहे ते घरमालकावर आणि नगरपालिकेवर. ज्याने ते औषध तयार केले आणि ज्याने ते लिहून दिले, ते दोघेही या चित्रात नाहीत.

रसकल्पांचा विशेष विचार

‘आपली औषधे नैसर्गिक आहेत, ती मातीतून आली व मातीत मिसळतील’ असे उत्तर यावर पुष्कळदा दिले जाते. काष्ठौषधींपुरते त्यात तथ्य आहे. क्वाथाचा उरलेला चोथा ओल्या कचऱ्यात गेला तर त्याचे खत होते. परंतु आपल्या औषधिसंग्रहाचा दुसरा अर्धा भाग रसशास्त्राचा आहे आणि तेथे हे उत्तर लागू पडत नाही.

शार्ङ्गधरसंहितेत औषधांच्या वीर्यावधीचा विचार आला आहे. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह वर्षभर टिकतात. परंतु आसव, धातू आणि रस हे जसजसे जुने होतात तसतसे अधिक गुणवान होतात, असे तेथे म्हटले आहे. हा सिद्धान्त आपण अभिमानाने सांगतो. त्याची दुसरी बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. जो पदार्थ काळाने नष्ट होत नाही म्हणून श्रेष्ठ औषध ठरतो, तोच पदार्थ टाकून दिल्यावरही काळाने नष्ट होत नाही. चूर्णाच्या बाबतीत निसर्ग आपले काम करतो. धातूच्या बाबतीत ते काम कोणीतरी करावे लागते.

कज्जली, रससिंदूर यांतील पारद गंधकाशी संयोग पावलेला असतो आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हे खरे आहे. त्यामुळे फुटलेल्या थर्मामीटरमधील अर्धा-एक ग्रॅम मोकळा पारा आणि रसकल्पाची गोळी यांना एकाच मापाने मोजणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु कचराभूमीवर आग लागते, किंवा ती लावली जाते, आणि तेथे हा भेद टिकत नाही. हिंगुळापासून पारद काढण्याची क्रिया आपल्यापैकी प्रत्येकाने महाविद्यालयात अभ्यासिली आहे. ऊर्ध्वपातनाने, म्हणजे केवळ अग्नीच्या साहाय्याने, पारद गंधकापासून सुटतो आणि डमरुयंत्राच्या वरच्या पात्रास जाऊन चिकटतो. पेटलेल्या कचऱ्याच्या ढिगात नेमकी हीच क्रिया घडते. फरक इतकाच, की तेथे वरचे पात्र नसते. सुटलेली पाऱ्याची वाफ हवेत जाते आणि ढिगाशेजारी काम करणाऱ्यांच्या श्वासात जाते. हरताळ व मनःशिळ यांच्या ज्वलनातून सोमलाची विषारी वाफ निघते. नागभस्मातील शिसे मुख्यतः राखेत उरते आणि पावसाबरोबर खाली झिरपते.

औषध गटारात अथवा शौचकूपात ओतणे हाही उपाय नव्हे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची रचना मुख्यतः सेंद्रिय मळ दूर करण्यासाठी असते. धातू तेथे नाहीसे होत नाहीत. ते गाळात बसतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर पुन्हा अन्नसाखळीत येतात. जलाशयाच्या तळाशी सूक्ष्मजीवांमुळे पाऱ्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर होऊ शकते आणि मिथिल-पारा माशांच्या शरीरात साठत जातो. जपानमधील मिनामाता येथील आजार मिथिल-पाऱ्यानेच झाला होता. त्या गावाच्या नावाने झालेल्या पाराविषयक आंतरराष्ट्रीय करारास भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाची मीमांसा करताना वायू, उदक, देश व काल हे चार भाव सर्व जनांस समान असतात, असे सांगितले आहे. प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असूनही माणसे एकाच वेळी आजारी पडतात, ती या समान भावांच्या दुष्टीमुळे. औषधाने वायू, उदक व भूमी दूषित व्हावी, हे या विचारपरंपरेतील वैद्यास मान्य होण्यासारखे नाही.

उत्पादकाचे उत्तरदायित्व : मूळ कल्पना

वस्तू विकली गेली की उत्पादकाचा तिच्याशी संबंध संपतो, ही व्यापाराची जुनी रीत. त्या वस्तूच्या अंत्यविधीचा खर्च मात्र नगरपालिका, म्हणजे पर्यायाने करदाते, सोसतात. स्वीडनमधील थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये तेथील पर्यावरण मंत्रालयासमोर ‘विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व’ ही कल्पना मांडली. वस्तूच्या शेवटाचा भार तिच्या निर्मात्यावर टाकला, तर तो ती वस्तू घडविताना तिच्या शेवटाचाही विचार करील, हे त्यामागील सूत्र. १९९१ मध्ये जर्मनीने वेष्टनांसाठी तसा कायदा केला.

भारतात ही तरतूद प्रथम ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांद्वारे आली. पुढे २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टने, सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आणि टायर यांसाठी तपशीलवार नियम झाले. वापरलेल्या वंगण तेलासाठी २०२३ मध्ये तरतूद होऊन ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. महाराष्ट्राने २०१८ च्या प्लास्टिक अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापण्याचे बंधन घातले होते, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. तीही याच कल्पनेची एक छटा होय.

बाटलीची जबाबदारी ठरली. आतील औषधाचे काय?

फार्मसीचालकांच्या दृष्टीने यातील प्लास्टिक वेष्टनांचे नियम सर्वांत महत्त्वाचे आहेत. गोळ्यांची प्लास्टिकची डबी हे कडक वेष्टन, साधी प्लास्टिकची पिशवी हे लवचिक वेष्टन आणि चूर्णाचे चकचकीत पाकीट हे बहुतेक वेळा बहुस्तरीय वेष्टन, अशी वर्गवारी होते. स्वतःच्या नावाने माल बाजारात आणणारा उत्पादक हा ‘ब्रँड मालक’ ठरतो. त्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करून बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या प्रमाणात पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट पूर्ण करावयाचे असते. सूक्ष्म व लघु उद्योगांस यात काही सवलती आहेत. आपली फार्मसी कोणत्या वर्गात मोडते, हे प्रत्येकाने मंडळाकडून लेखी खात्री करून घ्यावे. डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच व धातूच्या वेष्टनांसाठीही असाच मसुदा प्रसिद्ध झाला. आसवारिष्टांसाठी काचेच्या बाटल्या वापरणाऱ्यांचा त्याच्याशी थेट संबंध येतो.

आता एक विसंगती लक्षात घ्यावी. डबी, पाकीट, बाटली या वेष्टनांसाठी उत्पादकाला उत्तर देण्याची व्यवस्था झाली आहे, किंवा होऊ घातली आहे. परंतु त्या डबीत उरलेल्या वीस गोळ्यांसाठी घराघरांतून औषध परत घेण्याचे बंधन उत्पादकावर नाही. वेष्टन, बॅटरी, दूरचित्रवाणी संच, टायर, वंगण तेल या यादीत औषध नाही.

याउलट, चिकित्सालयांसाठी हाच मार्ग उपलब्ध आहे. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ हे आयुष रुग्णालयांसही लागू आहेत. त्या नियमांच्या पहिल्या परिशिष्टात मुदतबाह्य व टाकाऊ औषधे पिवळ्या वर्गात ठेवली असून ती उत्पादकाकडे परत पाठवावीत किंवा भस्मीकरणासाठी द्यावीत, असे म्हटले आहे. म्हणजे एकाच घाणीतील एकाच योगाची डबी आपल्या कपाटात मुदतबाह्य झाली तर ती निर्मात्याकडे परत जाऊ शकते. तीच डबी रुग्णाच्या कपाटात मुदतबाह्य झाली तर तिला परतीची वाट नाही. आपल्या कपाटातील डब्या थोड्या असतात, रुग्णांच्या घरांतील अगणित असतात.

अन्यत्र काय घडले

फ्रान्समध्ये औषधनिर्मात्यांच्या खर्चाने चालणारी ‘सिक्लामेड’ ही संस्था १९९३ पासून उरलेली औषधे गोळा करते आणि २००७ च्या कायद्याने तेथील प्रत्येक औषधविक्रेत्यावर ती विनामूल्य परत घेण्याचे बंधन आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील अलामेडा परगण्याने २०१२ मध्ये औषधनिर्मात्यांनी स्वखर्चाने उरलेली औषधे परत घ्यावीत, असा स्थानिक कायदा केला. निर्मात्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला आणि २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर २०१८ मध्ये संपूर्ण कॅलिफोर्नियासाठी औषधे व सुया यांविषयी तसाच कायदा झाला. एका परगण्याने केलेली सुरुवात सहा वर्षांत राज्याचा कायदा झाली, हे येथे लक्षणीय आहे.

आपल्या देशात केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोड येथून घरातील न वापरलेली औषधे गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला. त्याच वर्षी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने औषधांच्या विल्हेवाटीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत सतरा आधुनिक औषधे शौचकूपात सोडावीत, असे म्हटले आहे. घरातील अन्य कोणी ती चुकून घेतल्यास प्राणावर बेतू शकते, म्हणून केलेला हा अपवाद आहे. आपल्या औषधांस तो लागू करू नये.

चिकित्सालयात काय करता येईल

१. मात्रा बेताची द्यावी. रसकल्प व भस्मे एका वेळी सात ते पंधरा दिवसांपुरतीच द्यावीत. जे औषध उरतच नाही, त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न येत नाही.

२. चिकित्सापत्रावर एक ओळ छापून घ्यावी : ‘उरलेले औषध कचऱ्यात, गटारात टाकू नये किंवा जाळू नये, पुढील भेटीस सोबत आणावे.’ याचा चिकित्सेसही लाभ होतो. रुग्णाने प्रत्यक्षात किती औषध घेतले, हे वैद्यास प्रथमच नेमके कळते.

३. परत आलेल्या औषधांसाठी झाकणाचे, कुलूप लावता येईल असे वेगळे पात्र ठेवावे. पारद, सोमल, शिसे असलेले कल्प तसेच वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक यांसारख्या अनुसूची ई-१ मधील द्रव्यांचे योग स्वतंत्र पिशवीत ठेवावेत. औषधाचे नाव, घाणी क्रमांक व अंदाजे वजन वहीत नोंदवावे.

४. परत आलेले औषध कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्या रुग्णास देऊ नये, मग त्याची मुदत शिल्लक असली तरीही. ते कोणत्या तापमानात व कोणत्या ओलाव्यात राहिले, हे आपणास ज्ञात नसते.

५. खाटा नसलेल्या चिकित्सालयासही प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी आवश्यक आहे. रक्तमोक्षणाचा दूषित कापूस, सुया, पाती यांसाठी ती ज्यांनी घेतली आहे, त्यांनी घरून परत आलेल्या औषधांविषयी सामायिक केंद्राशी व नगरपालिकेशी आधी लेखी बोलणी करून मगच संकलन सुरू करावे.

फार्मसीचालकांसाठी

वरील पात्रात साठलेले काष्ठौषधींचे योग सामायिक केंद्रातील भट्टीत जाऊ शकतात. पारदकल्पांबाबत मात्र भट्टी हा उत्तम उपाय नव्हे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. भट्टीच्या धुरातील पाऱ्यावर नियमांनीच काटेकोर मर्यादा घातली आहे. असे कल्प निर्मात्याकडेच परत गेले पाहिजेत, कारण त्यांत काय व किती आहे, हे निश्चितपणे त्यासच ठाऊक असते. निर्मात्याने ते आपल्या अन्य घातक कचऱ्याबरोबर अधिकृत केंद्रास द्यावेत. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याच्या प्रक्रिया व विल्हेवाटीची अशी केंद्रे आहेत.

दुसरी गोष्ट वेष्टनाच्या आकाराची. साठ गोळ्यांची डबी निर्मात्यास स्वस्त पडते. परंतु तीस दिवसांच्या चिकित्सेस जेथे तीसच गोळ्या लागतात, तेथे उरलेल्या तीस गोळ्यांचा कचरा त्या स्वस्ताईतूनच जन्मतो. शेवटाचा खर्च निर्मात्याकडे आला, की हा हिशेब आपोआप बदलतो. लिंडक्विस्ट यांच्या सूत्राचा आपल्या व्यवसायातील अर्थ हाच होय.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की लहान फार्मसीस हा खर्च झेपणार नाही. एकट्या फार्मसीस तो झेपणार नाही, हे मान्यच आहे. म्हणूनच ई-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी उत्पादकांना एकत्र येऊन सामायिक संस्थेमार्फत हे उत्तरदायित्व पार पाडण्याची मुभा दिली होती. एका जिल्ह्यातील पंधरा-वीस फार्मसींनी मिळून वर्षातून दोनदा एकच वाहन पाठविले, तर प्रत्येकाच्या वाट्यास येणारा खर्च वाजवी राहील. हे काम संघटनेच्या जिल्हा शाखांनी अंगावर घेण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप असा, की एकूण औषधी कचऱ्यात आयुर्वेदीय औषधांचा वाटा अल्प आहे. मग बंधन आधी आपण का घालून घ्यावे? वाटा अल्प आहे, म्हणूनच सुरुवात करणे सोपे आहे. शिवाय रसकल्पांवर धातूंच्या निमित्ताने देशात व परदेशात टीका होत आली आहे. शोधन, मारण, भस्मपरीक्षा यांचे दाखले देऊन आपण तिला उत्तर देतो आणि ते योग्यही आहे. परंतु ज्या पदार्थाची निर्मिती आपण इतक्या काळजीने करतो, तो उघड्यावर जळत असेल, तर त्या युक्तिवादाचे बळ कमी होते. कायदा उद्या येईल तेव्हा तो आधुनिक औषधांचा नमुना समोर ठेवून लिहिला जाईल. काष्ठौषधी व रसौषधी यांतील भेद त्यात यावा, अशी आपली इच्छा असेल, तर आपल्याजवळ दोन-तीन वर्षांच्या संकलनाच्या नोंदी असल्या पाहिजेत. केवळ निवेदने देऊन हा भेद कोणी मान्य करणार नाही.

शेवटी, ज्यांचा या सर्व चर्चेत फारसा उल्लेख होत नाही, त्यांच्याविषयी. घंटागाडीवरील कामगार आणि कचरा वेचणाऱ्या भगिनी आपल्या औषधांच्या पुड्या उघड्या हातांनी वेगळ्या करतात. डबी विकता यावी म्हणून आतील गोळ्या तेथेच ओततात. त्यांनी ते औषध मागितले नव्हते आणि त्यांना त्याची मात्राही कोणी सांगितलेली नाही. औषध परत घेण्याची व्यवस्था झाली, तर तिचा पहिला लाभ त्यांना होईल. संघटनेच्या आगामी जिल्हा बैठकांत हा विषय चर्चेस घ्यावा आणि किमान एका तालुक्यात प्रायोगिक संकलन सुरू करावे, अशी सर्व वैद्यबंधुभगिनींना व फार्मसीचालकांना नम्र विनंती आहे.